बघू म्हणालेत म्हणजे झालं

बायपासला नवं मंगल कार्यालय झालं, तेव्हापासून लग्नसराई सुरू झाल्याचं कळायला आम्हाला कॅलेंडर उघडावं लागत नाही. सकाळचं पाणी भरून होतंय तोवर तिकडून सनई लागते. मग बँडवाले एकेक वाद्य तपासून बघतात, कुणीतरी माईकवर ‘हॅलो, हॅलो’ करतं आणि उन्हाबरोबर तो आवाज आमच्या ओट्यापर्यंत येतो. माझे हात लगेच कपाटाकडे जातात. खालचे दोन कप्पे रिकामे करायचे, वर्तमानपत्र अंथरायचं. नारळ खाली, शाली वर, फेटे वेगळे. आता आमच्याकडे नारळ येत नाहीत आणि शालीही येत नाहीत, तरी चैत्र लागला की कप्पे रिकामे केल्याशिवाय मला चैन पडत नाही. यंदाही केले. मग त्यात उन्हाळी पापड ठेवले.

माझे यजमान त्या आवाजानं जागचे हलत नाहीत. ओट्यावर पेपर वाचत बसतात. बँड फारच वाजायला लागला तर म्हणतात, ‘कुणाचं आहे गं?’ मी सांगते. ‘बरं,’ म्हणतात आणि पान उलटतात.

तालुका त्यांना तात्या म्हणतो. इंदापुरातल्या एका सहकारी बँकेत ते कारकून म्हणून लागले आणि मॅनेजर झाले. बँक छोटी. एक लांब काउंटर, वर कुरकुरणारे पंखे, आणि मॅनेजरच्या केबिनला दार असून ते कायम उघडं. पुढं सहकारी बँकांच्या अडचणी दिल्लीत मांडायला माहितगार माणूस पाहिजे म्हणून पक्षानं त्यांना राज्यसभेवर पाठवलं. नव्वदच्या दशकातली ती सहा वर्षं. राज्यसभेच्या खासदाराला गावोगाव मतं मागत फिरावं लागत नाही, त्याला आमदार निवडून देतात. हे मी सुरुवातीला येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत असे. नंतर सोडून दिलं. लोकांच्या लेखी खासदार तो खासदार, आणि खासदार म्हटला की तो सुखदुःखाला आला पाहिजे.

आमच्या भागात हा शब्द एका दमात म्हणतात. सुख म्हणजे लग्न, दुःख म्हणजे दहावा. बाकीची सुखं आणि बाकीची दुःखं पुढाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत. पोर पहिलं पाऊल टाकतं, म्हातारी अंथरुणाला खिळते, त्याला कुणी खासदार बोलवत नाही. पण मांडवात आणि नदीकाठी तो दिसला नाही, तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. ‘तात्या आमच्या सुखदुःखाला आले न्हाईत,’ एवढं एक वाक्य पुरतं.

दहाव्यांचं गणित सोपं होतं. ती येतील तशी यायची. लग्नं मात्र सगळी एकदम. एकच तिथी, एकच मुहूर्त, आणि त्याच वेळेला लासुर्ण्यात, सांगवीत, कोऱ्हाळ्यात, निमगावात अंतरपाट धरलेले. यादी मी करायचे. पत्रिका आल्या की त्या रस्त्यांप्रमाणे लावायच्या: बारामती रस्ता, अकलूज रस्ता, टेंभुर्णीकडचा हायवे. मुहूर्ताच्या आधी कुठं जायचं, ऐन वेळेला कुठं, पंगती उठल्यावर कुठं. यांच्या पक्षातल्या मंडळींना हे पटत नसे. ते म्हणायचे, वैनी, माणसाच्या वजनाप्रमाणं लावा. आधी कारखान्याचे संचालक, मग झेडपीवाले, मग सोयरेधायरे, मग उरलेले. मी म्हणायचे, गाडी वजनावर चालत नाही, डिझेलवर चालते. त्यावर ते हसायचे आणि शेवटी वजनाप्रमाणंच व्हायचं.

त्या उन्हाळ्यांचं मला आठवतं ते बरंचसं धुण्यातलं आणि स्वयंपाकघरातलं. सकाळी यांचे पांढरे कुडते भिजवायला घेतले की खिशातून अक्षता निघायच्या. कुंकवाच्या, हळदीच्या, कुठं कुठं हिरव्या रंगाच्यासुद्धा. पहिल्या वर्षी मला कल्पना नव्हती. बादलीतलं पाणी गुलाबी झालं आणि चार कुडते बाद झाले. मग आधी खिसे उलटे करायची शिस्त लागली. अक्षता परसात टाकायचे, तिथं चिमण्या ठरल्या वेळी येऊन बसायच्या. नारळाच्या वड्या केल्या, चटण्या केल्या, शेजारी वाटले, तरी उरायचे, मग देवळात. फेट्यांचं कापड चांगलं असतं, ते फुकट जाऊ द्यायचं नाही म्हणून गोधड्यांना अस्तरं लावली. आजही आमच्या अंगाखाली कुणाकुणाची लग्नं असतात.

आणि यांचं कपाळ. घरी येऊन फेटा उतरवला की कपाळावर आडवा लाल वळ उठलेला असायचा. प्रत्येक मांडवात नवा फेटा, प्रत्येक बांधणाऱ्याचा हात वेगळा, आणि जो तो आपल्या प्रेमाइतका घट्ट आवळणार. प्रत्येक मांडवात दोन घास खायचे, नाहीतर आमचं पाणी घेतलं नाही असं होतं. बुंदी आणि वांग्याची भाजी, बुंदी आणि वांग्याची भाजी. घरी आले की हात धुऊन ताकभात मागायचे आणि जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. दिवसभर माईकवर बोलून झालेलं असायचं. मंगलाष्टकं चालू असताना गाडी पोचली की भटजी मध्येच थांबायचे. ‘आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे’ असा पुकारा व्हायचा. नवरानवरी हार हातात घेऊन उभे, माणसं मुठीत अक्षता धरून घामाघूम, आणि हे आशीर्वादाचं बोलणार. मी एकदोनदा सोबत गेले, तेव्हा नवरीकडे बघत राहिले होते. सगळ्यात अवघड तिचं असतं. तिला पाठ खाजवतासुद्धा येत नाही.

*

बँकेतला माणूस वेगळा होता असं मी म्हणणार नाही. माणूस तोच होता. पण बँकेत त्यांचे दोन शब्द होते आणि ते तालुक्याला पाठ होते.

त्यांचा ‘नाही’ स्वच्छ असे. आलेल्याला समोर बसवायचं, अर्धा कप चहा मागवायचा, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मग त्याच्याकडे बघून सांगायचं, ‘नाही. हे होणार नाही.’ आणि का होणार नाही तेही. माणूस रागावून उठायचा. काही जण केबिनच्या दारातून काहीबाही बोलूनही जायचे. हे चहाचा कप आत नेऊन ठेवायचे आणि पुढच्याला बोलवायचे. पण एखादं काम होण्यासारखं असेल, तर ते तोंडावर ‘हो’ कधी म्हणत नसत. ‘बघू,’ म्हणायचे. ‘कागद ठेवून जा.’ आणि त्यांच्या त्या ‘बघू’मागे खरोखर बघणं असे. एखादी सही राहिली असेल तर निरोप पाठवून घ्यायचे, सातबाऱ्यात चूक असेल तर कुणाला भेटायचं ते सांगायचे. आठवडाभरात काम झालेलं असायचं. त्यामुळे बाजारात म्हणच पडली होती: तात्या बघू म्हणालेत? मग झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई माझ्यासाठी पेढे घेऊन आली. मी विचारलं कशाचे. म्हणाली, ‘मालक बघू म्हणालेत न्हवं तुमचं.’ अजून कागदावर काही झालेलं नव्हतं.

लासुर्ण्याचे भिवाआबा या दोन्ही शब्दांचे जुने गिऱ्हाईक. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आबांनी मेंढरं मोडून ऊस लावला, पुढं डाळिंब. बोलायला मोठे, मनाला मऊ. एकदा त्यांच्या डोक्यात ट्रकचं खूळ शिरलं. ऊस वाहतूक करायची, गावात दारात ट्रक उभा करायचा. यांनी कागद वाचले आणि सांगितलं की आबा, तुमच्या घरात ट्रक चालवणारं कुणी नाही, ड्रायव्हर रस्त्यावर आणि तुम्ही बांधावर, हे होणार नाही. आबा तसेच उठले, चहासुद्धा पुरा केला नाही. वर्षभर बँकेची पायरी चढले नाहीत. मग एके दिवशी डाळिंबाची पाटी डोक्यावर घेऊन घरीच आले आणि मला म्हणाले, ‘वैनी, ह्यो माणूस न्हाय म्हणाला म्हणून माझं रान माझ्याकडं हाय.’ पुढं विहिरीवरून पाइपलाइन करायची होती, तेव्हा हे ‘बघू’ म्हणाले आणि पाइपलाइन झाली. तेव्हापासून आबा आमच्या घरचे झाले. येता-जाता डोकवायचे, तात्यांना एकेरीत बोलायचेही कधी कधी, वयानं वडील होते ते.

*

दिल्लीला मी पहिल्या हिवाळ्यात महिनाभर राहिले. खासदारांच्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. नळाचं पाणी हाताला चावायचं. बाजरीचं पीठ मी इथून नेलं होतं, ते संपेपर्यंत बरं चाललं. हे रोज सकाळी कोट घालून, फायली काखेत मारून निघायचे, थेट बँकेत निघाल्यासारखे. छोट्या बँकांवर सभागृहात बोलायचं म्हणून आठवडाभर तयारी केली होती. मी गॅलरीत बसून बघत होते. ते उभे राहिले, प्रस्तावना झाली, मुद्द्याला हात घालतायत तोवर वेळ संपल्याची घंटा वाजली. त्यांनी वर बघितलं. शाळेतल्या मुलासारखे एक वाक्य घाईघाईनं म्हणाले आणि बसले.

त्याच दिवसांत एकदा जेवताना त्यांनी मला नवल सांगितलं. म्हणाले, ‘इथं कुणी नाही म्हणतच नाही. ज्याच्याकडे जावं तो देखते हैं म्हणतो. आणि मग कुणीच बघत नाही.’ त्यांना त्याची खरंच गंमत वाटत होती. मलाही वाटली. कितीतरी दिवस आम्ही घरात एकमेकांना तसं म्हणत होतो. भाजी काय करू? देखते हैं.

ती गंमत केव्हा थांबली ते मला सांगता येत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत आमच्या अंगणात सकाळपासून माणसं उभी राहायची. बदली, बोअर, कॉलेजचा प्रवेश, गॅसचं कनेक्शन, रेल्वेचा थांबा. त्यातलं निम्मं यांच्या हातात नव्हतं आणि उरलेलं कुणाच्याच हातात नव्हतं. नाही म्हणायला वेळ लागतो. माणसाला बसवावं लागतं, कारण सांगावं लागतं, त्याचा राग झेलावा लागतो, चहा टाकावा लागतो. अंगण भरलेलं असताना ते जमत नाही. ‘बघू’ उभ्या उभ्या होतं आणि ऐकणारा हसत फाटकाबाहेर जातो. मी आतून ऐकत असायचे. बघू, बघू, बघू. दळणाच्या चक्कीसारखं. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं, एवढं मी पैजेवर सांगेन. ते दमले होते. मतं मागायची नव्हती, कुणाला भ्यायचं कारण नव्हतं, तरीही तो जुना ‘नाही’ त्यांच्या तोंडून निघेनासा झाला. मी पुष्कळ विचार केला आहे यावर. पाठीमागे काउंटर असला, पुढ्यात नियमांचं पुस्तक असलं की नाही म्हणायला आधार असतो. अंगणात माणूस उघडा असतो.

*

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात आबा पत्रिका घेऊन आले. थोरल्या मुलीचं, सुनंदाचं लग्न. पोरगी लहानपणी आमच्याकडे बापाबरोबर यायची आणि परसातल्या पेरूवर चढून बसायची. मुलगा सांगवीचा, घर तालेवार. आबांनी पत्रिकेला हळदकुंकू लावून ती यांच्या हातात दिली. त्या वेळी हे कुठल्याशा पत्रावर सही करत होते, मागे पाच-सहा जण खोळंबलेले.

‘तात्या, तुमी आलं पायजे. अक्षदा तुमच्या हातानं पडल्या पायजेत पोरीच्या डोक्यावर.’

‘बघू, आबा.’

आबांचा चेहरा उजळला. ‘मग झालं,’ म्हणाले, आणि स्वयंपाकघरात येऊन मला बजावून गेले की तुमीबी यायचं, सुनंदाला खण तुमच्या हातचा पायजे. मी यांना संध्याकाळी विचारलं की लासुर्णं कसं बसवायचं. ते म्हणाले, त्या मुहूर्ताला कोऱ्हाळे बुद्रुकला गेलंच पाहिजे, कारखान्याच्या संचालकाच्या घरचं आहे. लासुर्ण्याचं मी बोललोय आबांशी. बोललोय म्हटल्यावर विषय संपला. मी आहेर तेवढा आधी पाठवून दिला.

त्या दिवशी हे सकाळीच गाडी घेऊन गेले होते. दुपारी मी ओट्यावर कुरडया उलटत होते, तेव्हा फोन वाजला. लासुर्ण्याच्या बूथवरून आबांचा पुतण्या बोलत होता. ‘वैनी, तात्या निगालेत का?’

मी विचारलं, कुठं?

‘हितं. आबांनी अक्षदा थांबिवल्यात. मुहूर्त टळून गेलाय. पावणं लई गरम झाल्यात.’

मी त्याला सांगितलं की तात्या तिकडे येणार नाहीत, लग्न लावून घ्या. तो म्हणाला की आबा ऐकायला तयार नाहीत. तात्या बघू म्हणालेत, म्हणजे वाटेत असणारच, एवढंच ते धरून बसलेत. ‘मी सांगितलं तर माझ्या मुस्काटात देतील,’ तो म्हणाला, आणि नाणं संपलं.

कोऱ्हाळ्याला निरोप पोचवायला काही साधन नव्हतं. मी हात धुतले, साडी बदलली, खण-नारळ पिशवीत घातला आणि स्टँडवर जाऊन बारामतीकडे जाणारी वडाप पकडली. प्रवासी कोंबून नेणारी ती जीप, आत माणसं, पिशव्या आणि एका बाईच्या मांडीवर कोंबडी. निमगाव गेलं, दोन्ही बाजूंनी उसाचं वाळकं पाचट रस्त्यावर उडत होतं, आणि मी वाटभर एकच विचार करत होते की काय सांगायचं. गाडी बंद पडली म्हणावं. दिल्लीहून अचानक बोलावणं आलं म्हणावं. अशी कारणं या धंद्यात तयार असतात, लोकही ती मानून घेतात. त्यांनाही अडचण नको असते.

मांडव रस्त्यालगतच होता. बँडवाले लिंबाखाली आडवे झाले होते, ढोल उशाला घेऊन. बायका पदरानं वारा घेत होत्या. पोरांनी बुंदीवर डल्ला मारायला सुरुवात केली होती आणि माईकवाला थोड्या थोड्या वेळानं थकल्या आवाजात पुकारत होता की काही क्षणांतच खासदार साहेबांचं आगमन होत आहे. नवऱ्या मुलाचा चुलता मांडवाच्या मधोमध खुर्ची टाकून बसला होता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. ‘खासदार काय दिल्लीवनं चालत यायलाय का काय? मेंढरं हाकत येत आसंल.’ सांगवीची माणसं हसली. लासुर्ण्याचं कुणी हसलं नाही. चुलता पुढं म्हणाला की आणखी एक पुकारा झाला की आपण वऱ्हाड उठवणार, पोरगं काय रस्त्यावर पडलेलं नाही. आत उंबऱ्याजवळ सुनंदा मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती. घामानं हळद गळ्यापर्यंत उतरली होती. ती मान वर करत नव्हती.

आबा मांडवाच्या तोंडाशी, उन्हात उभे होते. नवं धोतर, नवा फेटा, हातात हार. वडाप थांबली तसे ते पुढं आले. मी उतरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्यामागे, जीपच्या आत बघितलं. जीप निघून गेली तरी ते तिकडंच बघत होते.

‘तात्या मागनं येत्यात व्हय?’

‘नाही आबा. ते येणार नाहीत.’

‘गाडी बंद पडली?’

तोंडाशी आलेलं ‘हो’ मी गिळलं. ‘नाही. ते कोऱ्हाळ्याच्या लग्नाला गेलेत. तुम्ही आता थांबू नका.’

आबांना ते कळायला वेळ लागला. ‘पर बघू म्हणाले व्हते की मला,’ ते म्हणाले. मग त्यांनी हातातल्या हाराकडे बघितलं, आणि अगदी हळू, मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाले, ‘न्हाय म्हणायचं व्हतं, वैनी. तेंच्या न्हायचा मला कवा राग आलाय?’

हार त्यांनी उठून बसलेल्या एका बँडवाल्याच्या खांद्यावर टाकला आणि भटजींना ओरडून सांगितलं की सुरू करा. चुलता काहीतरी बोलायला उठला होता. मी वडापमधून एकटी आलेली त्यानं बघितलं असावं. ‘बाई वडापनं आल्या,’ तो आपल्या माणसांना म्हणाला, ‘आता काय बोलायचं,’ आणि खुर्ची बाजूला घेतली. माईकवाल्यानं तेवढ्यात माझं नाव खासदारीणबाई म्हणून पुकारलं. मी हातानंच नको म्हटलं. लग्न लागलं. उपाशी माणसांनी अक्षता अशा टाकल्या की अर्ध्या भटजींच्या अंगावर गेल्या. मी सुनंदाची ओटी भरली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘काकू, पाणी देता का?’

*

दिवस मावळायच्या सुमारास हे आले. मागच्या सीटवर फेटे, शाल, नारळ. मी पाणी दिलं आणि जे झालं ते सांगितलं.

‘मी नाहीच म्हटलं होतं त्यांना,’ हे म्हणाले.

‘तुम्ही बघू म्हणालात.’

‘तेच ते.’

मी नारळ उचलायला लागले. वळून बघितलं, तर तांब्या हातात धरून ते तसेच बसले होते. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं होतं. कपाळावरचा वळ तसाच होता. त्या दिवशी त्यांनी ताकभात मागितला नाही. मी केला, तो त्यांनी खाल्ला.

पुढची तीन वर्षं गेली, मुदत संपली, पक्षानं पुन्हा विचारलं नाही. लोक मला म्हणतात की तुम्हाला चुकल्यासारखं होत असेल. सनई लागली की कप्पे रिकामे करते, एवढंच. बाकी चुकल्यासारखं होतं ते वेगळ्या गोष्टीचं, आणि ते त्या सहा वर्षांच्या आधीचं आहे. संसदेत त्यांनी केलेली भाषणं बांधून ठेवलेली आहेत. ती वाचायला कुणी येत नाही. बँकेत त्यांनी ज्यांना ज्यांना नाही म्हटलं, ती माणसं मात्र बाजारात भेटली की अजून सांगतात, मला तात्यांनी कसं तोंडावर हाकललं होतं. आणि सांगताना हसतात.

सुनंदाच्या लग्नानंतर चारपाच दिवसांत तिथी संपल्या. एका सकाळी हे म्हणाले, लासुर्ण्याला जाऊ. आम्ही गेलो. अंगणात मांडव उतरवला होता, वासे एका बाजूला रचलेले, जमिनीत खड्डे, वाळलेली आंब्याची पानं पायाखाली चुरत होती. आबा बनियनवर होते. आम्हाला बघून घाईघाईनं आत गेले आणि सदरा-टोपी घालून आले. घरात धावपळ उडाली. कुणी शाळेतून खुर्च्या आणायला पळालं, कुणी दुकानात. खुर्च्या आल्या, त्यांवर कोरे टॉवेल अंथरले गेले. मग आबांनी यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला.

‘आबा, माझं चुकलं,’ हे म्हणाले.

‘छ्या, छ्या. तुमाला का कामं थोडी हायती? लगीन झ्याक झालं, साहेब.’

इतक्या वर्षांत आबांच्या तोंडून मी तो शब्द ऐकला नव्हता. यांनीही नसावा. त्यांनी शाल काढून घडी केली, माझ्याकडे दिली आणि ओट्याकडे गेले. तिथं भिंतीला लागून आबांची काळी घोंगडी पसरलेली होती. या घरी आले की हे आजवर त्याच घोंगडीवर बसत आले होते, पाठ भिंतीला टेकवून, गुडघ्याला गुडघा लावून, पाण्याच्या पाळीवरून आबांशी भांडत. त्यांनी चपला काढल्या आणि बसायला वाकले. आबांनी धावत येऊन त्यांचं कोपर धरलं.

‘न्हाय न्हाय, साहेब. हितं नगं. कापडं खराब व्हतील. खुर्चीत बसा.’

ते आबांकडे बघत राहिले. आबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुण्यासमोर असतो तसा आदर होता, आणि थोडी घाई.

हे खुर्चीत बसले. आबा मात्र उभेच राहिले.